आधी मोजा, नाव नंतर विचारा

रस्त्याकडेला अनोळखी झाड दिसले की पहिला प्रश्न ठरलेला: "याचं नाव काय?" झाडे ओळखायला शिकणाऱ्याने निदान पहिले सहा महिने हा प्रश्न गिळून टाकावा. नाव कुणी सांगितले तरी पुढच्या झाडापाशी त्याचा काही उपयोग होत नाही. "हे कुठल्या कुलातलं?" हा प्रश्न मात्र पुढच्या शंभर झाडांना पुरतो. कुल म्हणजे सारख्या बांधणीच्या झाडांचे मोठे कुटुंब. सपुष्प वनस्पतींच्या जाती जगभरात तीन लाखांच्या आसपास असल्या तरी २०१६ च्या एपीजी-४ या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्यांची कुले ४१६ आहेत. आपल्याकडच्या घाटावर, कोकणात आणि शहराच्या मोकळ्या प्लॉटवर रोज दिसणारी बरीचशी झाडे त्यांतल्या डझन-दीड डझन कुलांत बसतात. तेवढी कुले डोळ्यांत बसली की काम सोपे होते.

कुल ओळखायचे ते अवयव मोजून. रंग, सुवास, सौंदर्य हे सगळे नंतर.

साहित्य थोडेच लागते. १० पट मोठे दाखवणारे घडीचे भिंग, साधे ब्लेड, दोन टाचण्या किंवा सुया, १५ सेंमीची पट्टी, वही आणि पेन्सिल. पेन नको, पावसात शाई पसरते. २० पट भिंगाचा मोह टाळा. त्यात दिसणारा भाग इतका छोटा असतो आणि हात इतका हलतो की नवशिक्याला काहीच सापडत नाही. भिंग धरण्यातही बहुतेकांची चूक होते. शाळेतल्या मोठ्या भिंगासारखे ते हात लांब करून धरतात. घडीचे भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचे, भिंगाचा हात गालावर स्थिर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने फूल भिंगाजवळ आणायचे. अंतर साधारण अडीच सेंटिमीटर झाले की चित्र एकदम स्वच्छ होते. उजेड फुलावर पडला पाहिजे, आपल्या डोक्याची सावली नव्हे.

पहिला तास: ओट्याशी

सुरुवातीला कुठेही जायची गरज नाही. वांगे, पेरू, काकडी, भेंडी, टोमॅटो, मटारची एक शेंग आणि मिळाले तर सीताफळ एवढे ओट्यावर घ्या.

वांग्याची काटेरी टोपी देठाच्या बाजूला आहे. ही टोपी म्हणजे फुलाची निदले, पाकळ्यांच्या बाहेरची हिरवी पाने. फळ त्यांच्या वर वाढले, म्हणजे फुलात अंडाशय निदलांच्या वर होता. याला ऊर्ध्वस्थ अंडाशय म्हणतात. टोमॅटो आणि मिरचीतही तेच. आता पेरू उलटा करा. निदलांची वाळकी चुणी देठाच्या विरुद्ध टोकाला आहे. म्हणजे अंडाशय निदलांच्या खाली होता: अधःस्थ. डाळिंबाचा मुकुट, कोवळ्या दुधीच्या टोकाला चिकटलेले सुकलेले फूल, केळ्याच्या टोकाचा काळा ठिपका या सगळ्यांचा अर्थ तोच. हा एक भेद पक्का झाला की कितीतरी कुले एका झटक्यात बाद करता येतात. काकडी-दुधीच्या कुलात अंडाशय नेहमी खाली, वांगी-मिरचीच्या कुलात नेहमी वर.

मग आडवे काप. भेंडीत कप्पे बहुधा पाच, कधी सहा-सात. काकडीत तीन. गावरान टोमॅटोत दोन-तीन. संकरित जाड टोमॅटोत मात्र कप्प्यांचा गोंधळ असतो, तो मोजू नका. मटारची शेंग एकाच स्त्रीकेसराची, म्हणजे फुलातल्या एकाच मादी अवयवाची, आहे. ती उघडली की सगळे दाणे एकाच शिवणीला लागलेले दिसतात. सीताफळाचा प्रत्येक 'डोळा' म्हणजे एक वेगळा स्त्रीकेसर, आणि असे अनेक मिळून एक फळ झाले आहे. भेंडीचा आडवा काप वहीवर ठसा मारून ठेवा, पुढे लागणार आहे.

जास्वंद उघडताना

फूल शिकायला जास्वंदीइतके सोयीचे दुसरे नाही. अट एकच, एकेरी हवी. दुहेरी, गच्च जास्वंद, बागेतला गुलाब, दुहेरी तगर, गच्च पाकळ्यांचा तेरडा ही फुले मोजायला निरुपयोगी. त्यांत पुंकेसरांच्याच, म्हणजे पराग देणाऱ्या नर अवयवांच्याच, पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे आकडा येतो तो माळ्याच्या आवडीचा, कुलाचा नाही.

फूल देठासकट घ्या आणि खालून वर या. देठाच्या टोकाशी आधी पाच ते आठ अरुंद हिरव्या पट्ट्यांचे वर्तुळ दिसते. हे निदल नव्हेत. ही अनुनिदले. बऱ्याच जणांची मोजणी इथेच चुकते. त्यांच्या आत एकमेकांना जोडलेला पाच दातांचा हिरवा पेला म्हणजे खरा निदलपुंज. मग पाकळ्या पाच. त्या एकमेकींवर पिळल्यासारख्या चढलेल्या असतात: प्रत्येकीची एक कड वर, दुसरी शेजारणीखाली. हे उमललेल्या फुलापेक्षा उद्या उमलणाऱ्या कळीत स्पष्ट दिसते, म्हणून नेहमी फुलाबरोबर एक कळीही घ्यावी.

आता एक पाकळी हळूच ओढा. ती एकटी येत नाही, मधल्या नळीचा तुकडा घेऊन येते. ही नळी म्हणजे पुंकेसरांच्या तंतूंची एकत्र झालेली भिंत. तिच्यावर पिवळे, मूत्रपिंडाच्या आकाराचे परागकोष सुट्या देठांवर लागलेले असतात. भिंगातून पाहिले तर प्रत्येक परागकोष एकाच कप्प्याचा आहे हे कळते. बहुतेक फुलांत तो दोन कप्प्यांचा असतो. नळी ब्लेडने उभी चिरली की आतून गेलेला कुक्षीवृंत, म्हणजे अंडाशयातून वर येणारी दांडी, मोकळा होतो. तो वर पाच फाट्यांत सुटतो आणि प्रत्येक फाट्यावर मखमली लाल टिकली, म्हणजे कुक्षी, असते. शेवटी तळाचा अंडाशय आडवा कापा. कप्पे पाच.

वहीतला भेंडीचा ठसा काढून शेजारी धरा.

भेंडीचे फूल मिळाले तर तेही असेच उघडा. अनुनिदले आहेत, पण लवकर गळतात. पाकळ्या पिवळ्या, आत गडद डाग, मध्ये तीच नळी. कापूस, अंबाडी, पारोसा पिंपळ म्हणजे भेंड यांतही तीच नळी सापडेल. हे भेंडीचे कुल, माल्व्हेसी. एका फुलावर अर्धा तास घालवून हाती आलेले हे कुल आता विसरणार नाही.

मोजलेले लिहून ठेवायची छोटी पद्धत ठरवून घ्या: "नि ५ जोडलेले, पा ५, पुं अनेक एका नळीत, अंडाशय वर, कप्पे ५". एवढी एक ओळ परिच्छेदभर वर्णनापेक्षा जास्त कामाची असते. आणि एका फुलावर विसंबू नका, पाच फुले मोजा. सदाफुलीच्या झुडपावरही एखादे चार किंवा सहा पाकळ्यांचे फूल निघते.

मोजणी फसवणारी फुले

झेंडूच्या हाराची 'पाकळी' ओढा. तिच्या तळाशी काळी काडी येते. तीच आपण बी म्हणून पेरतो. पाकळीला बी कसे? कारण ती पाकळी नाही, ते एक संपूर्ण फूल आहे. सूर्यफुलाच्या कुलात, म्हणजे ॲस्टरेसीत, आपण ज्याला फूल म्हणतो तो शेकडो पुष्पकांचा, म्हणजे बारीक फुलांचा, गुच्छ असतो आणि खालची हिरवी वाटी निदलांची नसून छदांची, म्हणजे फुलांखालच्या पानांची, असते. हे कुल शिकायला झेंडूपेक्षा एकदांडी चांगली. पायवाटेवर, रेल्वेच्या रुळांकडेला, गच्चीच्या भेगेत, बाराही महिने सापडते. लांब उभ्या दांडीवर एकच फूल. कडेची पुष्पके थोडी, फिकट पिवळी आणि टोकाला तीन दाते असलेली. मधली नळीसारखी, पाच दातांची. एक मधले पुष्पक सुईने उचला. खाली अधःस्थ अंडाशय, त्याच्यावर निदलांच्या जागी पिसासारख्या केसांचा झुबका, आणि परागकोष एकमेकांना चिकटून झालेली नळी. सोनकी, ओसाडी, गाजरगवत, सगळ्यांत हा आराखडा शोधा.

बोगनवेलीचा रंगीत कागद पाकळ्यांचा नाही. आतल्या लहान पांढरट नळ्या ही फुले. केळफुलाची जांभळी पाने छदे. बाभळीचा पिवळा गोंडा म्हणजे अनेक बारीक फुलांची गोळी, आणि दिसतात ते पुंकेसर. एकेरी तेरड्यातही मोजणी अडते: पाकळ्या तीनच वाटतात, कारण बाजूच्या दोन-दोन जोडलेल्या असतात, आणि मागे जी शेपटी लोंबते ती पाकळी नसून रंगीत निदल, मध साठवणारे.

काकडी, दोडका, पपई, एरंड यांत नर आणि मादी फुले वेगळी. एकाच फुलात दोन्ही शोधत बसाल तर "पुंकेसर नाहीत" असे चुकीचे लिहाल.

फूल नसेल तेव्हा

कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. तोवर थांबून चालणार नाही. पाने, पेरे आणि साल यांतून बरेच कळते. आधी पानांची मांडणी: एकाआड एक की समोरासमोर? हे फांदीच्या मध्यावर पाहायचे. शेंड्याला पेरे इतकी जवळ असतात की एकाआड एक पानेही जोडीने आल्यासारखी भासतात.

मग साधे पान की संयुक्त, म्हणजे एका देठावर अनेक पर्णिका असलेले? कडुनिंबाच्या प्रत्येक पर्णिकेला नवशिके पान समजतात. कसोटी एकच: पानाच्या बगलेत कळी असते, पर्णिकेच्या बगलेत कधीच नसते. हीच कसोटी आवळ्याला लावून पाहा. आवळ्याचे पान हुबेहूब चिंचेसारखे संयुक्त दिसते, पण उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या बारीक पानांच्या बगलेत फुले लागतात. म्हणजे ती पर्णिका नव्हेत. प्रत्येक बारीक पान हे पूर्ण पान, आणि ज्याला आपण पान समजलो ती गळून पडणारी डहाळी. पावसाळ्यात कुंडीत उगवणाऱ्या भुईआवळ्याच्या पानामागे ओळीने लोंबणाऱ्या फळांचे कोडेही याने सुटते.

देठाच्या बुडाशी उपपर्णे, म्हणजे छोटी पानासारखी अंगे, आहेत का तेही पाहा. वड, पिंपळ, फणस यांच्या शेंड्याला उपपर्णांची टोपी असते. ती गळली की फांदीवर अंगठीसारखा वण राहतो. अंगठी आणि पांढरा चीक दोन्ही असतील तर वडाचे कुल. समोरासमोरच्या दोन पानांच्या मध्ये, फांदीच्या मोकळ्या बाजूला, त्रिकोणी उपपर्ण दिसले तर कदंबाचे कुल, रुबिएसी. त्यात कॉफी, इक्झोरा आणि घाटातला गेळा येतो.

पान उजेडासमोर धरा. कढीपत्ता, लिंबू, बेल यांच्या पानांत सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी, लिंबाच्या कुलाची खूण. पेरू आणि जांभळातही ठिपके असतात, पण तिथे पाने समोरासमोर आणि कडेच्या आत पानाला फेरी घालणारी एक बारीक शीर. लिंबाच्या कुलात पाने बहुधा एकाआड एक.

चीक तपासताना पान देठापाशी मोडा, बोट डोळ्याला लावू नका. रुई आणि शेर यांच्या चिकाने डोळ्याला गंभीर इजा होते. बिब्ब्याच्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते, खाजकुयलीच्या शेंगांची लव वाऱ्यानेही अंगावर येते. चव घेऊन ओळखण्याचा प्रयत्न तर करूच नये. धोतरा आणि कळलावी हाताशीच असतात.

आधी ही कुले

शिंबावंत कुल, फॅबेसी, सगळ्यांत आधी. शेंग एका स्त्रीकेसराची, पाने बहुधा संयुक्त, फुलांचे तीन नमुने. तूर, वाटाणा, पळस, पांगारा यांची फुले पतंगासारखी: एक मोठी पाकळी बाहेरून सगळ्यांना झाकणारी, दोन पंख, आणि दोन चिकटून झालेली नाव. वाटाण्याची नाव सोलून पाहा, आत नऊ पुंकेसर एकत्र आणि दहावा सुटा. बहावा, गुलमोहर, टाकळा यांच्या पाच पाकळ्या मोकळ्या आणि जवळजवळ सारख्या. कळीत वरची पाकळी सगळ्यांच्या आत असते. पतंगासारख्या फुलाच्या बरोबर उलट. बाभूळ, खैर, लाजाळू यांत पुंकेसरांचे गोंडे.

तुळशीच्या कुलाची खूण पुस्तके चौकोनी खोड अशी देतात. ती अर्धी खूण आहे. घाणेरीचे खोडही चौकोनी आणि पाने समोरासमोर, पण कुल वेगळे, व्हर्बिनेसी. खरी खूण अंडाशयात: फूल गळल्यावर मंजिरीच्या एका पेल्यात डोकावा, तळाशी चार वेगळी बारीक फळे दिसतील. आपण ज्याला तुळशीचे बी म्हणतो ते हेच. ओठांसारखे फूल आणि समोरासमोर पाने, पण फळ दोन शकलांत फटकन फुटणारे असेल तर ते अडुळशाचे कुल, ॲकँथेसी. अबोलीची वाळलेली बोंडे पाण्याचा थेंब पडताच फुटतात. फुटलेल्या शकलाच्या आत भिंगातून पाहिले तर बियांना आधार देणारे वाकडे आकडे दिसतात. ते आकडे दिसले की शंका संपली. कोरांटी, अडुळसा, कारवी, तिघांतही असतात.

चीक, बहुधा समोरासमोर पाने आणि बहुधा पिळलेल्या पाकळ्या म्हणजे ॲपोसायनेसी: तगर, कण्हेर, रुई. पण कण्हेरीची पाने बहुधा तीन-तीनच्या वर्तुळात आणि चाफ्याची एकाआड एक, हे लक्षात असू द्या. रुईच्या दोन जाती पाकळ्यांवरून वेगळ्या होतात. कॅलोट्रॉपिस जायगँशियाच्या पाकळ्या पसरलेल्या किंवा मागे वळलेल्या, कॅलोट्रॉपिस प्रोसेराच्या उभ्या, पेल्यासारख्या, टोकाला जांभळ्या. मांदार कुठली, यावर मात्र गावागणिक मत वेगळे, आणि त्या वादात पडण्यात अर्थ नाही.

कर्णा किंवा नरसाळ्यासारखे फूल आणि त्यावर कळीच्या घडीच्या पाच रेषा असतील तर गारवेलीचे कुल. वेलच हवा असे नाही, नाल्याकाठचा बेशरम झुडूप असूनही त्यातलाच.

एकदल की द्विदल हा भेद शिरांवरून सांगायची शाळेतली सवय इथे अडचण करते. अळू, सुरण, घोटवेल ही एकदल, पण पानांत जाळे. शिरांऐवजी फुलाचे अवयव मोजा: तिनाच्या पटीत असतील तर बहुधा एकदल. बहुधा म्हणायचे कारण पुन्हा सीताफळ. त्याच्या ठसठशीत पाकळ्या तीन, पाने जाळीदार, आणि आजच्या वर्गीकरणात ते या दोन्ही मोठ्या गटांच्या बाहेर, चाफ्यांपैकी सोनचाफ्याच्या बाजूला, बसते.

आपटा की कांचन: की चालवून पाहा

जाती ओळखायचे खरे हत्यार म्हणजे 'की'. दर पायरीला दोन विधाने, त्यांतले झाडाला लागू पडेल ते निवडायचे आणि सांगितलेल्या क्रमांकावर जायचे. दसऱ्याला आपट्याच्या नावाने कांचनाची पाने बाजारात येतात, तेव्हा हीच प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, घेऊ: बौहिनिया. पानाच्या दोन जुळ्या भागांमुळे जोहान आणि कास्पर बौहिन या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांचे नाव तिला मिळाले आहे. बागेत आणि रानात नेहमी भेटणाऱ्या पाच जातींपुरती ही की:

१ अ. फुले लहान, पाकळी अरुंद, साधारण १ सेंमी, पांढरट-पिवळसर, लांब तुऱ्यावर. पूर्ण वाढलेले पान लांबीपेक्षा रुंद: आपटा, बौहिनिया रॅसिमोजा
१ ब. फुले मोठी, पाकळी ३ सेंमी किंवा जास्त: २ वर जा
२ अ. परागकोष असलेले पुंकेसर १०: ३ वर जा
२ ब. परागकोष असलेले पुंकेसर ५ किंवा ३: ४ वर जा
३ अ. फूल पिवळे, घंटेसारखे लोंबते: पिवळा कांचन, बौहिनिया टोमेंटोजा
३ ब. फूल पांढरे, उघडे. झुडूप: पांढरा कांचन, बौहिनिया ॲक्युमिनाटा
४ अ. पुंकेसर ५, पाकळ्या रुंद, एकमेकींवर चढलेल्या, हिवाळा सरताना, बहुधा पाने गळलेली असताना फुलतो: बौहिनिया व्हॅरिगाटा
४ ब. पुंकेसर ३, पाकळ्या अरुंद, मध्ये फटी, पावसाळ्यानंतर, पाने असताना फुलतो: बौहिनिया पर्प्युरिया

चुका कुठे होतात? पहिली, परागकोष नसलेले वांझ तंतू मोजले जातात. पर्प्युरियात तीन मोठ्या पुंकेसरांबरोबर असे बारीक तंतू असतात. त्यांना धरले तर वाट चुकली. दुसरी, दुपारनंतरचे फूल घेतले जाते. तोवर परागकोष झडलेले असतात. सकाळी मोजा. तिसरी, दसऱ्याला आपट्याला फूल नसते, तो उन्हाळ्यात फुलतो. मग फक्त पानावर निर्णय घ्यावा लागतो, आणि कांचनाचे कोवळे पान आपट्याएवढेच असू शकते. त्यासाठी फांदीवरचे सगळ्यांत मोठे, जुने पान पाहा: आपट्याचे जाड, चामड्यासारखे, क्वचितच ६-७ सेंमीहून रुंद, लांबी त्याहून कमी. कांचनाचे जून पान तळहाताएवढे होते. चौथी चूक कीची स्वतःचीच. हाँगकाँगच्या झेंड्यावर असलेला बौहिनिया ब्लेकियाना बागांतून लावला जातो. तो पर्प्युरिया आणि व्हॅरिगाटा यांचा संकर. पुंकेसर पाच, म्हणून तो आपल्या कीत व्हॅरिगाटावर जाऊन थांबेल. पण त्याला शेंगा धरत नाहीत. कीमध्ये नसलेली जातसुद्धा की कुठेतरी पोचवतेच. म्हणून शेवटच्या नावावर आल्यावर त्या जातीचे पूर्ण वर्णन वाचून प्रत्येक मुद्दा झाडाशी ताडून पाहायचा.

दोन्ही विधाने अर्धवट पटत असतील तर दोन्ही वाटांनी जा. चुकीची वाट दोन-तीन पायऱ्यांत हास्यास्पद ठिकाणी नेऊन सोडते.

फोटो आणि ॲप

एका सुंदर फुलाच्या फोटोवरून जात सांगता येत नाही, आणि नेमका तोच फोटो सगळे काढतात. सहा फोटो हवेत: पूर्ण झाड आणि त्याची जागा, फांदीवरची पानांची मांडणी, पानाची मागची बाजू, फूल समोरून, फूल बाजूने देठासकट, आणि फळ. बाजूने काढलेल्या फोटोशिवाय निदले आणि अंडाशय दिसत नाहीत. निदान एका फोटोत पट्टी ठेवा. चीक, वास, उंची हे फोटोत येत नाही, ते वहीत.

ओळख सांगणारी ॲप वापरायला हरकत नाही, पण त्यांचे उत्तर हे उत्तर नसून एक संशयित असतो. ॲपने दिलेले कुल बरेचदा बरोबर, प्रजाती कधी कधी, आणि सह्याद्रीपुरत्या मर्यादित जातींच्या बाबतीत जात हमखास चुकते, कारण अशा जातींचे फोटो त्यांनी फार थोडे पाहिलेले असतात. ॲपने नाव दिले की त्या जातीची तीन लक्षणे शोधा आणि झाडावर तपासा. तिन्ही जुळली नाहीत तर नाव वहीत पेन्सिलीने, प्रश्नचिन्हासकट.

आयनॅचरलिस्टसारख्या निरीक्षणे नोंदवायच्या संकेतस्थळावर निरीक्षण टाकताना दुर्मीळ जातीचे नेमके ठिकाण झाका. कंदीलपुष्प, आमऱ्या (ऑर्किड) यांचे कंद उपटून नेणारे लोक असतात.

पुस्तकातले नाव वेगळे का निघते

थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींचे वर्णन करणारा ग्रंथ, १९०१ ते १९०८ मध्ये आला. तो इंटरनेटवर मोफत आहे, कींसकट आहे, आणि आजही आपल्या भागासाठी उपयोगी पडतो. मात्र त्यातली बरीच नावे आता बदलली आहेत. टाकळा कॅशियातून सेन्ना प्रजातीत गेला. बाभूळ अकेशियाची व्हाचेलिया झाली, कारण अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या गटासाठी राखायचे असे २००५ च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये ठरले आणि २०११ मध्ये मेलबर्नला ते कायम राहिले. साग घाणेरीच्या कुलातून तुळशीच्या कुलात आला. रुईचे स्वतंत्र कुल कण्हेरीच्या कुलात मिसळले. या बदलांवर चिडण्यात वेळ जातो. जुन्या पुस्तकातून जात ओळखा, मग लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' या संकेतस्थळावर जुने नाव टाकून आजचे नाव घ्या, आणि वहीत दोन्ही लिहा.

मराठी नावे जरूर लिहावीत, पण गावाच्या नावासकट. एकदांडीलाच कुठे दगडी पाला, कुठे कंबरमोडी म्हणतात.

नमुना वाळवायचा असेल तर

तण, आणि तेही मोकळ्या प्लॉटवरचे किंवा शेताच्या बांधावरचे, मालकाला विचारून. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, राखीव वन येथून परवानगीशिवाय पानही नको. कासच्या पठारावर तर गुडघे टेकून भिंग लावतानाही खाली काय चिरडते आहे ते आधी पाहावे. तिथल्या कित्येक जाती बोटभर उंचीच्या असतात.

फूल आणि फळ दोन्ही असलेली फांदी घ्या, छोटे रोप असेल तर मुळासकट. हर्बेरियमचा, म्हणजे वाळलेल्या नमुन्यांच्या संग्रहाचा, कागद ४२ × २९ सेंमीचा असतो. त्याहून लांब रोप इंग्रजी व्ही किंवा एन अक्षरासारखे दुमडा. वर्तमानपत्राच्या घडीत ठेवताना एक-दोन पाने पालथी ठेवा म्हणजे मागची बाजू दिसेल, आणि एक फूल उघडून पसरा. वर वजन ठेवा. पहिले तीन-चार दिवस कागद रोज बदला, पावसाळ्यात दिवसातून दोनदा. नमुने काळे पडतात किंवा बुरशी धरतात ते जवळजवळ नेहमी कागद न बदलल्यामुळे. आठ-दहा दिवसांनी नमुना गालाला लावून पाहा. गार लागला तर अजून ओल आहे. पूर्ण वाळल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवला की किडे मरतात. जुन्या पुस्तकांतला पाऱ्याच्या क्षाराचा उपाय घरी करू नये, ते जहाल विष आहे.

चिठ्ठीवर तारीख, गाव-तालुका, जागा कशी (कातळ, ओढ्याकाठ, बांध), उंची, चीक, वास आणि फुलाचा ताजा रंग. रंग आधी लिहा, चार दिवसांत तो उडतो. चिठ्ठीशिवाय नमुना म्हणजे वाळका पाला. अडलेला नमुना ताडून पाहायला पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजातले ब्लाटर हर्बेरियम आहे. आधी पत्र लिहून परवानगी घ्यावी, आणि जाताना किमान कुल स्वतः काढून जावे.

वर्षाचा क्रम आपोआप ठरतो. श्रावण-भाद्रपदात बांधावरची रोपे, दिवाळीनंतर अडुळशाच्या कुलातली झुडपे, फाल्गुन-चैत्रात पळस, पांगारा, सावर असे वृक्ष. गवते पहिल्या वर्षी बाजूलाच ठेवा. त्यांची फुले ओळखायची तर भिंगाखाली तुसांच्या आत शिरावे लागते. फक्त एवढे वेगळे करता यायला हवे: दांडी बोटांत धरून फिरवा. गोल, पेरे असलेली आणि बहुधा पोकळ असेल तर गवत. तीन कडा बोटांना लागल्या आणि आत भरीव असेल तर मोथ्याच्या कुलातले काहीतरी.